सहाचा रकाना

"सिस्टर, फक्त अर्धा दिवस द्या. आईसाठी शोधलेल्या दोन जागा तुम्ही एकदा बघितल्यात की आमचा जीव भांड्यात पडेल," दादा म्हणाले. मी रविवारच्या दोन व्हिजिट पुढे ढकलल्या.

मी ठाण्यात घरोघरी जाऊन ड्रेसिंग करते. जास्त करून बेडसोरचं, म्हणजे एकाच कुशीवर पडून पडून होणाऱ्या जखमांचं. पाचपाखाडीतल्या या आजींची डावी बाजू पॅरालिसिसने गेलेली आणि माकडहाडावर दुसऱ्या स्टेजची जखम. जखम भरत आली की नेमकी ब्युरोतून सांभाळायला आलेली बाई बदलायची आणि नव्या बाईला कूस बदलायला शिकवेपर्यंत पुन्हा सालटं निघायचं. दादा-वहिनी दोघंही नोकरीवर. शेवटी पेशंट सांभाळणाऱ्या सेंटरमध्ये ठेवायचं ठरलं.

दादांच्या न्यू जर्सीच्या ताईंनी व्हिडिओ कॉलवर विचारलं, "नर्सिंग होम बघितलं का?" वहिनी गोंधळल्या. आपल्याकडे नर्सिंग होम म्हणजे बाळंतपणाचं, अपेंडिक्सचं छोटं हॉस्पिटल. तिकडे म्हाताऱ्या माणसांना कायमचं सांभाळणाऱ्या जागेला तसं म्हणतात. मेडिकेअरची, म्हणजे तिकडच्या सरकारी आरोग्य विम्याची, मान्यता असलेल्या जागांना तिकडे 2008 पासून एक ते पाच तारे मिळतात. तपासणीत काय सापडलं, पेशंटमागे नर्सचे किती तास पडतात, किती जणांना बेडसोर झाले, असं सगळं बघून. "तुमच्याकडे असं काहीच नाही?" ताई.

नाही. म्हणून दादांनी एक्सेल केलं होतं. खोली, जेवण, डॉक्टरांची व्हिजिट, सीसीटीव्ही, अंतर, महिन्याचा खर्च. सगळ्याला दहापैकी मार्क. चाळून दोन जागा उरल्या होत्या.

पहिली घोडबंदर रोडला, कासारवडवलीच्या पुढे. काचेचं दार, गुळगुळीत लादी, गणपतीची मूर्ती, कारंजं. कसलाच वास नाही. दादांनी मोबाइलवर लगेच नऊ टाकले. मॅनेजर मुलगी गोड बोलणारी. प्रत्येक बेडला एअर मॅट्रेस आहे, हे तिने तीनदा सांगितलं. एअर मॅट्रेस चांगलीच, पण लोकांना वाटतं ती घातली की कूस बदलायला नको. तसं नसतं.

मी विचारलं, "रात्री दोन वाजता मजल्यावर किती जणं असतात?"

"मॅडम, आमच्याकडे 24 तास स्टाफ असतो."

"हो, पण किती?"

"भरपूर."

वरच्या मजल्यावर एका आजींच्या पायथ्याशी पोझिशन चार्ट लटकवलेला. दर दोन तासांनी डावी कूस, पाठ, उजवी कूस आणि शेजारी सही. मी असे चार्ट रोज बघते, म्हणून सवयीने उचलला. अक्षर छान, एकही रकाना रिकामा नाही. दुपारचा बाराचा भरलेला, दोनचा भरलेला, चारचा भरलेला, सहाचाही भरलेला. सहाला 'उजवी कूस' आणि सही.

भिंतीवरच्या घड्याळात पावणेतीन वाजले होते.

आजी पाठीवर झोपलेल्या होत्या. "पाय बघू का?" म्हणून त्यांना विचारलं. त्यांनी मान हलवली. चादर वर केली तर उजव्या टाचेवर रुपयाएवढा लालसर जांभळा डाग. अंगठ्याने दाबून सोडला. साधी लाली असेल तर दाबल्यावर पांढरी पडते आणि परत येते. हा डाग जागचा हलला नाही. म्हणजे आतल्या मांसाला मार बसलेला, कातडी फाटायचीच बाकी. मी मॅनेजरला बोलावून दाखवलं, टाच उशीवरून अधांतरी ठेवायला सांगितलं. "हो हो, नोट करते," म्हणाली. चार्ट माझ्या हातातून घेऊन तिने उलटा ठेवला.

गाडीत बसल्यावर दादा म्हणाले, "एखाद्याने चुकून भरला असेल." मी काही बोलले नाही. एका चार्टवरून सगळं ठरवू नये, हे मलाही कळतं. पण कोणी दर दोन तासांनी खरंच तिथे जात असेल, तर त्याला सहाची सही पावणेतीनला करायची गरज काय? ताईंच्या अमेरिकेतही हेच झालेलं. आधी नर्सचे आकडे त्या जागा स्वतःच भरून द्यायच्या, आता पगाराच्या नोंदींवरून घेतात. आपल्याकडेही 1949 चा नर्सिंग होम नोंदणी कायदा आहे, आजारी-दुबळ्यांची शुश्रूषा त्यात येते. पण नोंदणीचा कागद रात्री उठून कोणाची कूस बदलत नाही.

दुसरी जागा नेरुळला. विटाव्याच्या पुलाखाली नेहमीचं ट्रॅफिक, पोचायला साडेचार वाजले. जुनं रो-हाउस, रंगाचे पोपडे, आत शिरताच फिनेलचा वास. दादांनी चार टाकले. बाथरूमला उंबरठा होता, तो मलाही खटकला. बेल सगळ्या बेडला नव्हती.

खिडकीपाशी एक मावशी एका आजोबांना मऊ भात भरवत होत्या. आजोबा पॅरालिसिसचेच, पाठीला तीन उशा लावून ताठ बसवलेले. अर्धा चमचा भात, तोही तोंडाच्या चांगल्या बाजूला. मग मावशींची नजर आजोबांच्या गळ्यावर. कंठ वर जाऊन खाली येईपर्यंत दुसरा चमचा उचलायचा नाही. मध्येच म्हणायच्या, "आवंढा गिळा बाबा, कुठे गाडी चुकतेय?" मी घड्याळ लावलं नाही, पण पाव वाटी भाताला वीसेक मिनिटं गेली असतील. जेवण झाल्यावर लगेच आडवं केलं नाही.

"कोणी शिकवलं?"

"सिस्टरनी. एकदा एकाला ठसका लागून छातीत गेलं होतं ना. तेव्हापासून."

सेंटर चालवणाऱ्या बाई स्वतः निवृत्त नर्स. रात्रीचं विचारलं तर सरळ म्हणाल्या, "रात्री नर्स नाही. 14 पेशंटला दोन मावश्या. मी मागच्या गल्लीत राहते, फोन केला की दहा मिनिटांत येते. ट्यूबवाला, नळीने जेवण द्यावं लागणारा पेशंट मी घेतच नाही." त्यांच्या चार्टवर पहाटे चारचा रकाना कोरा होता. खाली बारीक अक्षरात लिहिलेलं, 'बेड 6 ला उलटी, राहून गेलं.' साडेपाच वाजता सहाचा रकाना मोकळा होता.

दादांच्या एक्सेलमध्ये पहिली जागा 71, दुसरी 48.

"सिस्टर, तुम्ही सांगा."

मी सांगितलं की आजी तोंडाने खातात, ट्यूब नाही, म्हणून मी इथे ठेवीन. ट्यूब असती तर रात्री नर्स नसलेली जागा मी सांगितली नसती. आणि महिनाभर बघा, वेळ न सांगता जा. वहिनींना पटलं. दादांना अंतराचं वाईट वाटत होतं. ताईंनी फोनवर फिनेलच्या वासाबद्दल पुन्हा पुन्हा विचारलं.

आजी आठवड्याने तिथे गेल्या. मी गुरुवारी ठाण्याहून पनवेल लोकलने नेरुळला ड्रेसिंगला गेले, तेव्हा दादा ऑफिसमधून परस्पर आलेले. जखम होती तेवढीच होती, वाढली नव्हती. बाथरूमचा उंबरठाही तसाच. मी ग्लोव्हज काढत होते, तेवढ्यात दादांनी आईची चादर वर केली, वाकून टाच अंगठ्याने दाबली आणि सोडली.

"सिस्टर, पांढरं झालं आणि परत आलं. बरोबर ना?"

"बरोबर. आता दुसरी."