एचआरबाई, कार्ड संपलंय, मी नाही

नोव्हेंबर २०२४ मध्ये मी नोकरी बदलली आणि पहिल्याच आठवड्यात अशी वेळ आली की सतरा वर्षं इथे राहून, टॅक्स भरून, दर हिवाळ्यात ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसून झाल्यावर, मला अमेरिकेत काम करायची परवानगी आहे हेच मला कुणाला पटवता येईना. परवानगी होती बरं का. कागद पण होता. फक्त समोरच्या बाईला तो वाचायचा नव्हता.

आधी थोडं मागचं सांगते. आम्ही २००७ ला एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आलो, दोघंही आयटीवाले, न्यू जर्सीत एडिसनला घर. ग्रीन कार्ड मिळालं ऑक्टोबर २०१४ ला, दहा वर्षांचं. पाच वर्षं झाली की सिटिझनशिपचा अर्ज करता येतो, पाच पूर्ण व्हायच्या नव्वद दिवस आधीसुद्धा चालतो, म्हणजे आम्ही २०१९ लाच करू शकलो असतो. पण नाही केला. लोकांना सांगताना कोविडचं कारण देतो, खरं कारण कोरेगाव तालुक्यातली साडेचार एकर. सासऱ्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं की पोरानं भारताचा पासपोर्ट सोडला की सातबाऱ्यावर नाव लागणार नाही, आणि त्यांना फोनवर समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी साताऱ्यातल्याच वकिलानं त्यांना समोर बसवून सांगितलं की अण्णा, शेतजमीन विकत घ्यायला तर एनआरआयला पण बंदी आहे आणि ओसीआयला, म्हणजे परदेशी पासपोर्ट घेतलेल्या आपल्या माणसाला पण, आणि वारसानं येणारी जमीन दोघांनाही मिळते, मग पोराचा पासपोर्ट कुठल्या रंगाचा आहे यानं तुम्हाला काय फरक पडतो. तेव्हा कुठे गाडी पुढे सरकली.

तोवर २०२४ चा मे उजाडलेला. एन-४००, म्हणजे सिटिझनशिपचा अर्ज, ऑनलाइन भरला, माणशी ७१० डॉलर. आणि कार्ड संपणार ऑक्टोबरमध्ये. म्हणजे हातात पाच महिने.

हे पाच महिने महत्त्वाचे आहेत कारण आमच्या ओळखीतले सगळे जुनेजाणते सांगत होते की कार्ड संपायला सहा महिन्यांपेक्षा कमी राहिलेत, आता तुम्हाला आय-९० भरून नवीन कार्ड पण मागवावं लागणार, त्याचे वेगळे ४१५ डॉलर. पूर्वी होतंच तसं. पण १२ डिसेंबर २०२२ पासून नियम बदललाय, त्या दिवसापासून पुढे ज्यानं एन-४०० भरला त्याच्या पोचपावतीवरच लिहून येतं की तुमच्या कार्डाची मुदत कार्डावरच्या तारखेपासून २४ महिने वाढली. वेगळा अर्ज नाही, वेगळे पैसे नाहीत. म्हणजे आमची कार्डं थेट ऑक्टोबर २०२६ पर्यंत चालणार. दोघांचे मिळून आठशे तीस डॉलर वाचले म्हणून मी त्या शनिवारी ओक ट्री रोडवर जाऊन साडी घेतली, ते असो.

ती पोचपावती म्हणजे काय, तर आय-७९७ नावाचं एक साधं पत्र. ना फोटो, ना चमकणारं होलोग्राम. आमचं पत्र पिझ्झाच्या कूपनांच्या गठ्ठ्यात आलं होतं आणि नवऱ्यानं ते जवळजवळ रिसायकलच्या डब्यात टाकलंच होतं. ज्यांचं येणार असेल त्यांनी त्या महिन्यात पोस्टावर लक्ष ठेवा, आणि आलं की कार्डासोबत एकाच पाकिटात ठेवा. एकटं पत्र कामाचं नाही आणि एकटं संपलेलं कार्डही नाही, दोन्ही मिळून पुरावा होतो.

आता गंमत बघा, आधी गोंधळ नवऱ्याच्या ऑफिसात झाला. ऑगस्टमध्ये त्याला एचआरच्या सॉफ्टवेअरमधून ऑटोमॅटिक मेल, तुमचं वर्क ऑथरायझेशन ६० दिवसांत संपतंय, नवीन कागदपत्रं अपलोड करा नाहीतर पुढची कारवाई. हा लगेच स्कॅनर शोधायला लागला. मी म्हटलं थांब जरा, तू २०१८ ला जॉइन झालास तेव्हा चालू ग्रीन कार्ड दाखवलंस ना? मग विषय तिथेच संपला. एच-१बी असेल, ईएडी म्हणजे वर्क परमिटचं कार्ड असेल, तर तारीख संपताना कंपनीला पुन्हा तपासावं लागतं, ते बरोबर आहे. पण जॉइन होताना मुदतीतलं ग्रीन कार्ड दाखवलं असेल तर पुढे ते संपलं म्हणून पुन्हा तपासायचंच नाही, आणि हे यूएससीआयएस या इमिग्रेशनच्या सरकारी खात्यानं कंपन्यांसाठी जे एम-२७४ नावाचं हँडबुक काढलंय त्यातच लिहिलंय. कारण संपतं ते प्लास्टिक. पर्मनंट रेसिडेंट असणं संपत नाही. सॉफ्टवेअरला बिचाऱ्याला फक्त तारीख दिसते, तारखेमागे काय आहे ते कळत नाही. यानं ते पान जोडून दोन ओळींचा मेल टाकला, दुसऱ्या दिवशी तिकीट बंद. मला वाटलं किती सोपं असतं हे.

माझं प्रकरण वेगळं होतं कारण मी नवीन जॉइन होत होते, आणि नवीन माणसाला आय-९, म्हणजे आपली ओळख आणि कामाची परवानगी दाखवायचा फॉर्म, भरावाच लागतो. हा फॉर्म १९८६ च्या कायद्यापासून आहे, अमेरिकेत जन्मलेल्या माणसाला पण चुकत नाही. पहिला भाग आपण पहिल्या दिवशी भरायचा, दुसरा कंपनीनं तीन कामाच्या दिवसांत, म्हणजे सोमवारी जॉइन झालात तर गुरुवारपर्यंत. कागदांच्या तीन याद्या असतात, ए मधला एक दाखवला की बास, नाहीतर ओळखीसाठी बी मधला एक आणि कामाच्या परवानगीसाठी सी मधला एक. आणि कुठले दाखवायचे हे आपण ठरवायचं. हे वाक्य मी आता झोपेतही म्हणू शकते.

नोकरी रिमोट, त्यामुळे एचआरबाई व्हिडिओ कॉलवर. मी कार्ड दाखवलं, पत्र दाखवलं. ती म्हणाली एक्स्पायर्ड आहे. मी म्हटलं म्हणून तर पत्र. ती म्हणाली पत्र इज नॉट अ डॉक्युमेंट. मी म्हटलं ताई, मी तिला ताई म्हटलं नाही अर्थात पण मनातला सूर तोच होता, त्यात तिसऱ्या ओळीत लिहिलंय बघा. तिनं पाहिलं नाही, तिच्या स्क्रीनवर तारखेचा चौकोन लाल होत होता आणि तो लाल चौकोन हेच तिच्यासाठी सरकार. मग म्हणाली तुमचं वर्क परमिट पाठवा. आता पर्मनंट रेसिडेंटला कुठलं आलंय वर्क परमिट, ते ग्रीन कार्डाच्या आधीच्या जन्मातलं. म्हणजे सून घरात नांदून दहा वर्षं झाली आणि हे विचारतायत साखरपुड्याची अंगठी कुठाय.

मला भांडता येत नाही असं नाही. पण नव्या नोकरीत पहिल्याच दिवशी कायदा सांगायचा म्हणजे नव्या नवरीनं पहिल्याच पंगतीत आमटीत मीठ कमी आहे म्हणण्यासारखं आहे. म्हणून मी म्हटलं जाऊ दे, लायसन्स आणि सोशल सिक्युरिटी कार्ड देते, बी आणि सी, झालं. गेले, लोखंडी कपाटातून फाइल काढली, सोशल सिक्युरिटी कार्ड हातात घेतलं, आणि घोडं तिथेच अडलं.

ते कार्ड २००७ चं. एच-१बी वर असताना काढलेलं. आणि त्यावर नावाच्या वर ठसठशीत इंग्रजीत छापलेलं की डीएचएसची, म्हणजे इमिग्रेशन बघणाऱ्या सरकारी खात्याची, परवानगी असेल तरच कामासाठी वैध. असं वाक्य असलेलं कार्ड आय-९ साठी चालत नाही. ग्रीन कार्ड आल्यावर एसएस-५ फॉर्म भरून ऑफिसात जायचं, ती ओळ नसलेलं नवीन कार्ड फुकटात मिळतं. फुकटात! आणि दहा वर्षं आम्ही दोघं गेलो नाही, कारण नंबर तोच राहतो ना, मग कार्ड कशाला बदला. माझ्या ओळखीतल्या निदान चार घरांत अजून तीच जुनी कार्डं आहेत, विचारलं की सगळे असेच बघतात माझ्याकडे.

मंगळवारी तिचा मेल आला, गुरुवारपर्यंत व्हॅलिड डॉक्युमेंट नाही आलं तर जॉइनिंग होल्डवर. जुन्या नोकरीचा राजीनामा होऊन गेलेला. त्या रात्री मला झोप नाही. नवरा घोरतोय आणि मी फोनच्या उजेडात यूएससीआयएसचं पान वाचतेय, तिथे स्वच्छ लिहिलेलं की एन-४०० ची अशी पोचपावती आणि संपलेलं कार्ड, दोन्ही मिळून लिस्ट ए चा पुरावा, वाढवलेली मुदत संपेपर्यंत. म्हणजे ओळखपण आणि कामाची परवानगीपण, दुसरं काही मागायची गरजच नाही.

बुधवारी सकाळी फोन केला. जस्टिस डिपार्टमेंटच्या सिव्हिल राइट्स विभागात इमिग्रंट अँड एम्प्लॉयी राइट्स सेक्शन आहे, त्यांची कामगारांसाठी हॉटलाइन असते, नाव न सांगता पण बोलता येतं. मला वाटलेलं सरकारी काम आणि सहा महिने थांब, पण फोनवरच्या बाईनं शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की चालणारे कागद नाकारणं, किंवा अमुकच कागद आणा म्हणणं, यावर तक्रार करता येते, १८० दिवसांच्या आत, आणि हवं असेल तर ते कंपनीला स्वतः फोन करून समजावतात. मी म्हटलं नको, आधी मी बघते. मला तक्रार नको होती हो, मला नोकरी हवी होती.

मग मेल लिहिला. धमकी नाही, कायद्याची कलमं नाहीत. पत्रातली ती ओळ पिवळ्या रंगानं हायलाइट केली, यूएससीआयएसच्या पानाची लिंक दिली, हँडबुकचं नाव दिलं आणि शेवटी एवढंच लिहिलं की मला खात्री करून घ्यायला हॉटलाइनवर बोलावं लागलं, त्यांनी हेच सांगितलं. आणि मेलमध्ये तिच्या वरच्या माणसाला पण ठेवलं. गुरुवारी दुपारी त्याचा फोन, आवाज एकदम मधाळ. आय-९ पाच मिनिटांत झाला. कार्डाची दोन्ही बाजू, पत्राची दोन्ही बाजू, कॅमेऱ्यासमोर धरली आणि लाल चौकोन हिरवा झाला. सॉरी म्हणाला तो. ती बाई त्या कॉलवर होती पण तिनं मिठाची गुळणी धरलेली. राग आला होता मला तिचा तेव्हा, आता तेवढा नाही, तिला कुणी शिकवलंच नव्हतं आणि चुकलं तर दंड कंपनीला होतो ही भीती खरी असते. पण वाचायला काय होतं, तीन ओळी तर होत्या.

एक राहिलंच. ज्यांचा एन-४०० डिसेंबर २०२२ च्या आधीचा असून अजून लटकलेला असेल, किंवा पत्रच हरवलं असेल, त्यांना पासपोर्टवर आय-५५१ चा, म्हणजे पर्मनंट रेसिडेंट असल्याचा, शिक्का मागता येतो, तोही लिस्ट ए मध्ये चालतो. आणि कार्ड जवळ बाळगणं अठरा वर्षांवरच्या प्रत्येकाला कायद्यानं सक्तीचं आहे, तेव्हा संपलं म्हणून ड्रॉवरमध्ये टाकून देऊ नका.

आमचा इंटरव्ह्यू फेब्रुवारीत झाला, नेवार्कला. दहापैकी सहा उत्तरं बरोबर आली की पास, जुनी परीक्षा होती ती, आता नवीन अर्जांना वीस प्रश्न आणि बारा बरोबर लागतात. लेकानं महिनाभर जेवणाच्या टेबलावर माझी उजळणी घेतलेली, बाबाला जास्त ओरडायचा. मार्चमध्ये शपथ. आत शिरताना टेबलवर एक माणूस प्रत्येकाचं ग्रीन कार्ड परत घेत होता, माझं घेतलं, तारखेकडे बघितलंसुद्धा नाही, ट्रेमध्ये टाकलं आणि नेक्स्ट म्हणाला. ज्या तारखेनं माझी आठवडाभराची झोप उडवली तिला त्यानं अर्धा सेकंदही दिला नाही.

दहा दिवस थांबून मी सोशल सिक्युरिटीच्या ऑफिसात गेले. नवीन कार्ड पोस्टानं आलं, पुन्हा कूपनांच्या गठ्ठ्यात. त्यावर ती ओळ नाही. नवऱ्याच्या कार्डावर अजून आहे, म्हणतो जाऊ की एखाद्या शुक्रवारी, आणि शुक्रवार किती गेले ते आता मी मोजणं सोडलंय.