जमिनीखालचं झुडूप

ग्रेविया या गटातली वनस्पती ओळखायची तर पान उलटं करून भिंगाखाली धरायचं. एकेका बिंदूतून चहूबाजूंना फुटलेले केस दिसतात, म्हणजेच तारकाकृती लव. पानाच्या बुडापासून निघालेल्या तीन ठळक शिरा, पाकळीच्या तळाशी मधाची ग्रंथी, पुंकेसर आणि अंडाशय या दोघांना एकत्र वर उचलणारा छोटा दांडा, इतकं जुळलं की गट नक्की. फालसाही याच गटातला. खरा कस लागतो तो त्यानंतर, कारण या गटात शेकडो प्रजाती आहेत आणि कित्येकींची पानं एकमेकींशी गोंधळ व्हावा इतकी सारखी असतात.

आमच्या हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात, सव्हानातून (विरळ झाडांच्या गवताळ रानातून) आलेले काही जुने नमुने अशाच एका ग्रेवियाच्या फोल्डरमध्ये ठेवलेले होते. ती ग्रेविया माणसाच्या डोक्यावरून जाईल इतकी उंच वाढते. हे नमुने मात्र वीतभर फांद्यांचे होते, टोकाशी पिवळी फुलं, पानं जेमतेम उलगडलेली. चिठ्ठीवर ‘जळालेलं गवताळ रान’ एवढंच. उंचीची नोंद नाही, जमिनीलगतचा भाग नाही. ज्यांनी ते गोळा केले त्यांनी इतर कोणत्याही झुडपाची कापतो तशीच फांदी कापून घेतली होती. समोर फांदीच आहे म्हटल्यावर ओळखणाऱ्यानेही सर्वांत जवळचं नाव दिलं.

असे नमुने जगभरच्या कपाटांत आहेत. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं, की फुलझाडांच्या नव्या प्रजातींपैकी जेमतेम 16 टक्के प्रजाती नमुना गोळा झाल्यापासून पाच वर्षांच्या आत जाहीर होतात. जवळपास पाव प्रजातींच्या बाबतीत तर नमुना 50 वर्षांहून जुना असतो. मला यात निराश होण्यासारखं काही वाटत नाही. कोणीतरी जपून ठेवलं, म्हणूनच पुढच्या माणसाला शंका घेता येते.

माझी शंका लवेवरून सुरू झाली. उंच ग्रेवियाच्या पानामागे लव दाट आणि राखाडी असते, इथे ती विरळ होती, तारकांचे हात आखूड. पण एवढ्यावर नवी प्रजाती उभी राहत नाही. वणव्यात वरचा भाग जळून गेलेलं झुडूप बुंध्यातून पुन्हा फुटतं तेव्हा त्याची पहिली पानं नेहमीपेक्षा वेगळीच असतात. म्हणून प्रश्न नेमका असा होता: हे खरोखर बुटकं झुडूप आहे, की उंच झुडपाचे वणव्यानंतरचे नवे धुमारे? कागदावरच्या फांदीत याचं उत्तर नव्हतं. ते त्या रानात जाऊन, खणूनच मिळणार होतं.

गवत जळून गेल्यावर नवं गवत डोकं वर काढायच्या आत आम्ही तिथे पोचलो. काळ्या भुईवर जिकडे तिकडे घोट्याइतके धुमारे, प्रत्येकावर पिवळी फुलं. पानं यायच्या आधी फुलं! सव्हानातल्या कितीतरी वनस्पती असंच करतात. गवताची सावली नाही, कीटकांना फूल लांबून दिसतं, आणि नवं गवत दाट होण्याआधी फळ धरून मोकळं होता येतं.

जवळच खडकांनी घेरलेला एक तुकडा होता. तिथे वणवा शिरला नव्हता. गवताचा जुना, वाळका थर सांगत होता की बऱ्याच काळात शिरलेला नाही. तिथे ही दोन्ही झुडपं शेजारी शेजारी सापडली आणि माझा जीव भांड्यात पडला. उंच ग्रेवियाचं खोड वर गेलेलं, साल तडकलेली. आमची बुटकी मात्र तिथेही गुडघ्याखालीच, आणि गेल्या हंगामातल्या तिच्या काड्या आगीशिवायच वाळून गेलेल्या. म्हणजे वरचा भाग वर्षाअखेर टाकून द्यायचा, ही तिची रीतच होती.

मग खणायला घेतलं. आधीच ठरवलं होतं की एकच झुडूप उकरायचं, तेही पूर्ण नाही. माझा विद्यार्थी एका धुमाऱ्याभोवतीची माती हातांनी बाजूला करू लागला, मी दुसऱ्या बाजूने खुरप्याने. धुमारा खाली बोटभर जाड झाला, मग मनगटाएवढा, आणि मग सरळ खाली जाण्याऐवजी आडवा वळला. आम्ही त्याच्या मागोमाग गेलो. पुढे त्याला दुसरा धुमारा लागला, मग तिसरा. दुपार कलली तेव्हा विद्यार्थी म्हणाला, “मॅडम, हे संपतच नाहीये. मघाशी आपण वेगवेगळी म्हणून मोजली ती सगळी एकच आहेत.”

ते मूळ आहे की खोड, हे तिथेच पाहायचं होतं. धारदार चाकूने आडवा छेद घेतला, कापलेली बाजू ओली केली आणि भिंग लावलं. मधोमध भेंड होता, मऊ, फिकट. अशा लाकडी झाडांच्या मुळात सहसा मध्यभागापर्यंत लाकूडच असतं. भेंड हे खोडाचं लक्षण. शिवाय वरच्या बाजूने सालीत ठिकठिकाणी निजलेले डोळे होते. मी भिंग विद्यार्थ्याच्या हातात दिलं. त्याने पाहिलं आणि कितीतरी वेळ मान वर केली नाही. इतकी वर्षं झाडं पाहतेय, पण पायाखाली एक अख्खं झाड आडवं पसरलंय, हे हाताला कळण्याचा अनुभव मला नवा होता.

शास्त्राला ही तऱ्हा नवी नाही. डॅनिश वनस्पतीशास्त्रज्ञ युजेन वॉर्मिंग 1863 ते 1866 या काळात ब्राझीलमधल्या लागोआ सांताला होते, आणि सेरादोच्या, म्हणजे तिथल्या सव्हानाच्या, झुडपांचं हे भूमिगत जीवन त्यांनी तेव्हाच टिपलं. आफ्रिकेतल्या अशा झुडपांना वनस्पतीशास्त्रज्ञ फ्रँक व्हाइट यांनी 1976 मध्ये ‘जमिनीखालची जंगलं’ म्हटलं. गवताचा वणवा झपाट्याने पुढे सरकतो, त्याची आच मातीत फार खोल उतरत नाही. काही सेंटिमीटर खाली असलेले डोळे सुखरूप राहतात. सेरादोतल्या काही गटांच्या डीएनए अभ्यासातून 2009 मध्ये दिसलं, की आगीशी जुळवून घेतलेल्या तिथल्या वंशावळी एक कोटी वर्षांच्या आतल्या आहेत, बहुतेक तर 40 लाख वर्षांहूनही अलीकडच्या. ज्वलनशील गवतांचं राज्य आलं त्या सुमारास उंच वाढणाऱ्या झाडांच्या कितीतरी वेगवेगळ्या कुळांनी आपापल्या परीने जमिनीखाली आसरा घेतला.

हे सगळं कागदावर आणताना नियमांशी गाठ पडली. 1958 पासून नव्या नावासाठी टाइप, म्हणजे ज्याच्याशी ते नाव कायमचं बांधलं जातं तो नमुना, ठरवावाच लागतो. आणि तो एकाच वेळी, एकाच ठिकाणी गोळा केलेला असावा लागतो. आमची फुलं वणव्यानंतरची, फळं कित्येक आठवड्यांनंतरची. दोन्ही एका टाइपमध्ये बसत नाहीत. आम्ही फुलांचा नमुना निवडला, कारण त्याच्यासोबत जमिनीखालचं खोड होतं. ते काही एका कागदावर मावेना. पण नमुना एकच आहे असं स्पष्ट लिहिलं तर तो अनेक कागदांवर विभागायला परवानगी आहे. खोडाचा उभा-आडवा छेद घेतलेला तुकडा आम्ही वेगळ्या कागदावर शिवला. 2012 पासून वर्णन लॅटिनऐवजी इंग्रजीतही चालतं. आमच्या वर्णनाची पहिली ओळ भूमिगत खोडाची आहे, फांद्या आणि पानं त्यानंतर येतात. एका सहकाऱ्याने सुचवलं होतं की रूढ क्रम पाळावा, पानांपासून सुरुवात करावी. मी ऐकलं नाही. या झुडपाचं आयुष्य जिथे आहे तिथूनच त्याचं वर्णन सुरू व्हायला हवं.

नाव इथे लिहीत नाही. रीतसर प्रसिद्ध होण्याआधी ते कुठे फिरू लागलं की पुढच्या नोंदींत घोटाळा होतो. जागाही सांगत नाही, कारण आम्हाला ठाऊक असलेली जागा एकच आहे.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो धोक्याच्या मूल्यमापनाने. आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या पद्धतीत प्रजातीने व्यापलेलं क्षेत्र दोन किलोमीटर बाजूच्या चौकोनांत मोजतात. आमचा एक चौकोन, म्हणजे चार चौरस किलोमीटर. अतिसंकटग्रस्त गटाची मर्यादा दहाच्या आतली. पण नुसतं क्षेत्र लहान असून भागत नाही. ठिकाणं किती, घट होते आहे का किंवा होणार आहे का, हेही दाखवावं लागतं. आणि झुडपं मोजायची कशी? त्या पद्धतीनुसार, जमिनीखाली जोडलेले धुमारे स्वतंत्रपणे जगू शकत असतील तर वेगळे धरायचे, नाहीतर नाही. आम्ही पानांचे तुकडे सिलिका जेलमध्ये सुकवून आणले आहेत. एका ताटव्यात किती वेगळी झुडपं आहेत हे डीएनएवरूनच कळेल. तोवर अहवालात ताटव्यांची संख्या दिली आहे, झुडपांची नाही.

होणाऱ्या घटीबद्दल मात्र माझ्या मनात शंका नाही. त्या रानाकडे लोक बिघडलेलं जंगल म्हणून पाहतात, आणि तिथे झाडं लावायची योजना तयार आहे. योजना आखणाऱ्यांचा हेतू चांगला आहे, हे मला कळतं. पण सावली दाटली की हे झुडूप फुलणार नाही, खड्डे खणले की त्याचं खोड तुटेल, आणि वर काहीच दिसत नसल्याने तोडणाऱ्याला ते कळणारही नाही. जगातल्या जमिनीचा साधारण पाचवा हिस्सा सव्हाना आहे, आणि तरी तिथे उभं राहून ‘इथे काही नाही’ असं म्हणणारी माणसं मला दर वेळी भेटतात. त्या दिवशी उघडलेला चर बुजवण्याआधी मी त्याचे फोटो पट्टी ठेवून घेतले होते. तेच योजनेवरच्या आक्षेपाला जोडले आहेत.

शोधनिबंध सध्या परीक्षकांकडे आहे. त्यांनी पिकलेल्या फळांची आणखी मापं मागितली आहेत. फळं धरली की विद्यार्थी ती घ्यायला जाईल, आणि त्याच फेरीत शेजारच्या दोन माळांवरही शोधेल. जुन्या फोल्डरमधल्या एका चिठ्ठीवर त्यातल्या एका माळाचं नाव आहे.