मधल्या दाण्याला वारं

"मधल्याला वारं कसं लागतंय रे लेकरा?"

आजीला मोबाईलवर आमच्या लॅबमधला फोटो दाखवत होतो. पेशींचे गोळे, राजगिऱ्याहूनही बारीक. सपाट डिशपेक्षा असे गोळे करून वाढवल्या, की पेशी बऱ्याचदा जास्त पुटिका सोडतात. बहुतेक ३० ते १५० नॅनोमीटरच्या पिशव्या, पेशींनी एकमेकींना धाडलेले निरोप. जखम भरायला त्यांचा उपयोग व्हावा, म्हणून हा खटाटोप.

तिनं फोटो डोळ्यांजवळ धरला. "ओली ज्वारी ढिगानं ठेवली की मधली तापती, कुबट वास मारती. तुझ्या ढिगाचं काय?"

मी गप्प. सहा महिने इथंच अडलोय. गोळा अर्ध्या मिलिमीटरच्या पुढं गेला की आतवर ऑक्सिजन पुरत नाही. मधल्या पेशी मरतात, त्यांचा चुरा पुटिकांत मिसळतो. आकडा फुगतो, माल भेसळीचा. नुसत्या आकड्यावर खूश होणं मला पटत नाही.

आजी ज्वारीची रास उलथीपालथी करायची. मी गोळे लहान ठेवून फ्लास्क हळूहळू फिरवत ठेवतोय.

रात्री तिच्या अंगठ्याची पट्टी बदलली. शुगरची जखम, दोन महिने झाले, भरेना.

"तुझं औषध कवा येणार?"

नेहमीच्या उपचारात हे अजून आलेलंच नाही. काय सांगायचं तिला?