तुम्ही विचारलंत म्हणून: दुभाजकावरची ती "आयरिस"

सकाळी फिरायला निघाले की आठवड्यातून एकदा तरी कोणीतरी थांबवतंच, "काकू, दुभाजकावर पिवळी फुलं लावलीत ना, ती आयरिसच ना ओ?" कोणी फोटो पाठवतं, कोणी तोडलेलं फूलच हातात देतं. इतक्यांदा विचारलंत म्हणून एकदा नीट लिहितेच.

आयरिस नाही ती. डायटीस आहे, दक्षिण आफ्रिकेची. घराणं एकच, ग्लॅडिओलस आणि केशरपण त्यातलेच, आणि पानं यातल्या बऱ्याच जणांची तलवारीसारखी, म्हणून पानावरून ओळखायला गेलात की फसलात. फूल बघा. खऱ्या आयरिसच्या तीन पाकळ्या वर उभ्या, तीन खाली लोंबतात आणि तळाशी सगळ्या जुळून नळी झालेली असते. डायटीसच्या सहाही पाकळ्या पसरलेल्या, तळापर्यंत सुट्या. फिक्कट पिवळ्या फुलावर तीनच पाकळ्यांना गडद तपकिरी ठिपका असेल तर ती डायटीसची बायकलर जात, आणि पांढरं फूल, मध्ये जांभळट, पाकळीवर केशरी-पिवळी खूण असेल तर तिची पांढरी बहीण.

नर्सरीत "पिवळी आयरिस" म्हणून देतात ती बऱ्याचदा ट्रिमेझिया, म्हणजे याच घराण्यातलं वेगळं झाड, निघते, मीपण तशीच आणलेली. तिच्या आतल्या तीन पाकळ्या छोट्या, गुंडाळल्यासारख्या. फुलं झाली की दांड्याच्या टोकाला पिल्लू धरतं, वजनानं दांडा वाकतो, माती लागली की पिल्लू मुळं सोडतं. निळी निओमारिका पण अशीच, फक्त तिचा दांडा पानासारखाच चपटा, त्यामुळं फूल पानातूनच उगवलंय असं वाटतं. आणि पांढऱ्या स्पायडर लिलीला कृपा करून यात आणू नका, पुंकेसर मोजा, हिला सहा, आयरिसच्या घराण्यात तीनच.

मग कोणी म्हणतं, नाव कळून करायचं काय? अहो, छाटणी त्यावरच आहे ना! बायकलरचा दांडा एका वर्षाचा, फुलून झाला की काढायचा. पांढरीचा दांडा मात्र कैक वर्षं जगतो, त्याच दांड्यावर परत कळ्या येतात. आमच्या रस्त्यावर दोन्ही लावलेल्या आणि मागं एकदा सगळंच कात्रीनं सपाट केलं, पुढच्या मोसमात पांढरीची नुसती पानं, मला फार वाईट वाटलं. नंतर माळीमामा दिसले तेव्हा म्हटलं, "मामा, पांढरीचे दांडे ठेवा ओ." ते म्हणाले, "फुलं झाली की ताई, आता काय राहिलं?" मग नखानं खरवडून आतलं हिरवं दाखवलं, तेव्हापासून ते ठेवतात.

लातूरला 2016 मधे मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं, त्या शहरात दुभाजकावर लॉन लावणं मला पटतच नाही. डायटीस एकदा रुजली की कमी पाण्यावर तग धरते. फक्त आपली काळी माती पावसाळ्यात पाणी धरून बसते आणि मुळं कुजतात, म्हणून वाफा उंच करा, मातीत मुरूम मिसळा. खऱ्या दाढीवाल्या (खालच्या पाकळ्यांवर केसाळ पट्टा असलेल्या) आयरिसचे गड्डे मागवून पैसे घालू नका, तिला फुलायला कडक थंडी लागते, ती आपल्याकडं कुठून आणणार.

आणि फोटो पाठवाल तर सकाळचा पाठवा, बायकलरचं फूल एकाच दिवसाचं असतं, आणि दांडा खालपर्यंत दिसू द्या.