हाँगकाँगचा चा सिऊ भात: कुठे, किती वाजता आणि कसा मागायचा

हाँगकाँगमध्ये चा सिऊ भात शोधावा लागत नाही, चांगला चा सिऊ भात शोधावा लागतो. जवळजवळ प्रत्येक स्टेशनाबाहेर एखादं तरी दुकान असतंच. पुढच्या काचेत हुकांना टांगलेले हंस, सोया सॉसमध्ये शिजवलेल्या कोंबड्या, सिऊ युक म्हणजे कुरकुरीत कातडीचं भाजलेलं डुकराचं मांस आणि त्यांच्या शेजारी तांबूस-तपकिरी, चकाकणाऱ्या पट्ट्या. त्या पट्ट्या म्हणजे चा सिऊ, मुरवून भट्टीत टांगून भाजलेलं डुकराचं मांस. ते कापून गरम भातावर घातलं, वरून सॉस सोडला की झाला चा सिऊ फान. कामगार, शाळकरी पोरं, बँकेतले साहेब, सगळ्यांचं हे रोजचं दुपारचं जेवण.

आम्ही वसईचे. नाताळला घरात इंद्याल आणि सोरपोतेल होतं, त्यामुळे डुकराच्या चरबीबद्दल आमच्याकडे लहान पोरालाही ठाम मत असतं. या प्रवासात आई सोबत होती आणि तिची जीभ माझ्यापेक्षा कडक. म्हणून खाली जे लिहिते आहे त्यात निम्मा निकाल तिचा आहे. आमच्या अनुभवाचं सार असं, की दुकानाच्या नावापेक्षा तुम्ही कुठला तुकडा मागता आणि किती वाजता पोचता, यावर ताटातली चव जास्त ठरते.

आधी कागदपत्रं, कारण त्यावाचून पुढचं सगळं फुकट. भारतीय पासपोर्टवर १४ दिवसांपर्यंतच्या मुक्कामाला व्हिसा लागत नाही, पण निघण्याआधी हाँगकाँग इमिग्रेशनच्या संकेतस्थळावर आगाऊ नोंदणी करावीच लागते. ती मोफत आहे. नोंदणीची पावती साध्या पांढऱ्या ए-फोर कागदावर छापून जवळ ठेवा. उतरल्यावर विमानतळावरच ऑक्टोपस कार्ड घ्या. मेट्रो, ट्राम, बस, फेरी, सगळीकडे तेच चालतं. जुन्या सिऊ मेईच्या, म्हणजे अशा भाजलेल्या मांसाच्या, दुकानांत मात्र रोख पैसेच लागतील असं धरून चला. साध्या दुकानात एका ताटाला साधारण ५० ते ७० हाँगकाँग डॉलर पडतात. हंसाची तंगडी मागितली तर हिशोब वेगळा, ती बरीच महाग.

आता मांसाबद्दल, कारण ते कळलं नाही तर मागायचं काय तेच कळत नाही. चांगला चा सिऊ होतो डुकराच्या मान आणि खांद्यामधल्या भागाचा. तिथे मांसाच्या धाग्यांमध्ये चरबीच्या बारीक रेघा असतात. भट्टीत ती चरबी विरघळते आणि मांसाला आतून ओलं ठेवते. निव्वळ लुसलुशीत दिसणारा बिनचरबीचा तुकडा घेतलात तर तो कोरडा निघण्याची शक्यताच जास्त. मुरवणात सोया सॉस, साखर, होइसिन नावाचा गोडसर दाट सॉस, पाच मसाल्यांची पूड, गुलाबाच्या वासाची दारू, काही ठिकाणी आंबवलेलं लाल टोफू. प्रत्येक दुकानाचं प्रमाण वेगळं आणि ते कुणी सांगत नाही. मग पट्ट्या आकड्यांना अडकवून उभ्या भट्टीत सोडतात, भाजून बाहेर काढतात, माल्टोजच्या पाकाचा हात देतात आणि पुन्हा आत घालतात. या शेवटच्या आचेत कडा काळपटतात. ती जळकी कड हीच खरी गंमत. अर्धा गोड, अर्धा कडवट, दाताखाली किंचित करकरणारा घास.

आमची सुरुवात हाँगकाँग बेटावरच्या वान चाय भागातून झाली. मेट्रो लवकर पोचवत असली तरी तिथे ट्रामने जा. हाँगकाँग बेटावर १९०४ पासून ट्राम धावते आहे, वरच्या मजल्यावर पुढची जागा मिळाली तर अख्खा हेनेसी रोड समोरून येत राहतो. मागच्या दाराने चढायचं, पुढच्या दाराने उतरताना पैसे द्यायचे, कुठूनही कुठेही भाडं एकच. हेनेसी रोड आणि स्ट्युअर्ट रोडच्या कोपऱ्यापाशी जॉय हिंग आहे. दुकानाचं नाव मिशलिनच्या मार्गदर्शिकेत आलेलं आहे, म्हणून आत काही थाट असेल असं समजू नका. प्लास्टिकची स्टुलं, आखूड टेबलं, भिंतीवर दरांच्या पाट्या आणि दारात रांग.

रांगेत उभं असताना आतल्या माणसाचे हात बघण्यासारखे. कापणाऱ्याला सगळे सिफू म्हणतात, म्हणजे आपला उस्ताद. समोर लाकडाचा जाड गोल ठोकळा, वर्षानुवर्षं सुऱ्याचे घाव खाऊन मधे खोलगट झालेला. सिफूने आकड्यावरची पट्टी काढली, ठोकळ्यावर आडवी टाकली आणि रुंद पात्याच्या जड सुऱ्याने टक-टक-टक एका दमात काप पाडले. काप ना पातळ, ना जाड, साधारण करंगळीइतके. मग सुरा आडवा करून सगळे काप एकदम पात्यावर उचलले आणि भातावर सरकवले. एकही काप सुटा झाला नाही. वर पळीभर सॉस, बाजूला दोन-चार हिरव्या काड्या, ताट पुढे. जेमतेम अर्धं मिनिट लागलं असेल.

आईने पहिला घास भाताशिवाय खाल्ला, तिची ती पद्धतच आहे. थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "चरबी विरघळलीय, पण वाहून नाही गेली. असं आपल्याला चुलीवर जमायचं नाही." आमच्याकडे मांस व्हिनेगर आणि मसाल्यात मुरतं, रश्श्यात तासभर शिजतं, चव आतपर्यंत जाते. इथे सगळी चव कडेला आणि आत फक्त मांसाचा स्वतःचा गोडवा. दोन्हींची तुलना मी करणार नाही. पण डुकराचं मांस म्हणजे आंबट-तिखटच हवं असं मनात धरून जाणाऱ्या आपल्या माणसांनी तो हट्ट दारातच सोडावा. तिखटाची फार सवय असेल तर आलं आणि कांद्याच्या पातीचा तेलातला ठेचा मिळतो, तो मागा. तो खरा कोंबडीसोबतचा, पण भाताला बहार आणतो.

आणि भाताकडे दुर्लक्ष करू नका. लांब दाण्याचा सुवासिक जास्मिन भात, मोकळा पण किंचित चिकट. सॉस त्यात झिरपून तळाशी जातो आणि शेवटचे चार घास पहिल्या घासांपेक्षा चांगले लागतात. भात गार किंवा गोळा झालेला असेल तर वरचं मांस कितीही चांगलं असो, ते ताट फसलेलंच.

काचेतून काय बघायचं, हे दोन-तीन दुकानं फिरल्यावर डोळ्यांत बसतं. भडक लाल रंग असेल तर मी पुढे जाते. चांगल्या पट्टीचा रंग तपकिरीकडे झुकलेला असतो, कडा काळ्या आणि तिच्यावर पाक गोठून काचेसारखा चमकतो. पट्टीच्या टोकाला पाकाचा थेंब लोंबत असेल तर ती नुकतीच भट्टीतून आलेली. पृष्ठभाग मंद आणि सुरकुतलेला दिसला तर ती तासन्‌तास टांगलेली आहे. आणखी एक खूण: कापताना ठोकळ्यावर रस उतरतो की नाही. सिफूने फडक्याने ठोकळा सारखा पुसला तर समजा माल ओला आहे.

वेळेचं महत्त्व आम्हाला एका संध्याकाळी नीट कळलं. एका बऱ्यापैकी नाव असलेल्या दुकानात रात्री साडेआठच्या सुमारास गेलो. काचेत दोनच पट्ट्या उरलेल्या. मिळाला तो चा सिऊ चिवट आणि गार, सॉसच्या जोरावर ढकललेला. तेच दुकान सकाळी साडेअकराला बहुधा उत्तम असेल. म्हणून माझा सल्ला: दुपारच्या जेवणाआधी, साडेअकरा ते सव्वाबाराच्या मधे पोचा. त्या वेळी पहिला माल ताजा असतो आणि ऑफिसांची गर्दी सुटलेली नसते. साडेबारा ते दोन रांग लांबते आणि बसल्यावरही पाठीशी कुणीतरी जागेसाठी उभं असतं. दुसरी चांगली वेळ साडेपाच-सहाची. तेव्हा घरी नेणाऱ्यांची रांग लागते, आज्या आणि कामावरून परतणाऱ्या बाया वजनावर चा सिऊ कापून घेतात, घरच्या जेवणात एक पदार्थ वाढवायला. या शहरात आया चिडल्या की पोराला म्हणतात, तुला जन्म देण्यापेक्षा चा सिऊचा तुकडा जन्माला घातला असता तर बरं झालं असतं. आईला ही म्हण इतकी आवडली, की तिने ती माझ्यावर लगेच वापरली.

चाय वानला जायला थोडा वेळ काढा. पर्यटक तिकडे फारसे फिरकत नाहीत, उंच उंच वसाहतींचा भाग आहे. ट्राम शाऊ केई वानपर्यंतच जाते, त्यामुळे सरळ मेट्रोची आयलंड लाइन पकडा, चाय वान हे तिचं पूर्वेकडचं शेवटचं स्टेशन. चाय वान रोडवरचं सुन क्वाय ह्युंग शोधा. मला विचाराल तर या प्रवासातला सर्वात चांगला चा सिऊ इथला. काप जाड, कड चांगलीच काळी आणि मांस इतकं मऊ की चॉपस्टिकने दाबलं तर धागे सुटतात. आईचं मत वान चायच्या बाजूने पडलं, तिला इथला गोडवा जरा जास्त वाटला. जागा थोडी आहे. बसायला मिळालं नाही तर डबा घ्या आणि जवळच्या एखाद्या बाकावर लगेच खा. डब्यात वाफ धरते आणि दहा मिनिटांत कड मऊ पडते.

कोळशावर भाजणारी दुकानं आता मोजकीच राहिली आहेत, बहुतेकांकडे स्टीलच्या गॅसभट्ट्या आहेत. बेटासमोर पाण्यापलीकडे असलेल्या कौलूनला प्रिन्स एडवर्ड स्टेशनजवळ, पोर्टलंड स्ट्रीटवरचं विंग हॅप लुंग कोळशासाठी ओळखलं जातं. धुराचा वास हलकाच येतो, पण येतो. कौलूनला जाताना स्टार फेरी चुकवू नका. ही फेरी १८८८ मध्ये दोराबजी नौरोजी या पारशी गृहस्थांनी सुरू केली. अजूनही पाण्यावरून पलीकडे जायला तिच्याइतकं स्वस्त आणि सुंदर काही नाही. जाण्याआधी दुकान चालू आहे का, हे त्याच आठवड्यात बघून घ्या. भाड्यापायी इथली जुनी दुकानं जागा बदलतात किंवा एकाएकी बंद होतात. रविवारी अनेक ठिकाणी सुटी असते आणि चिनी नववर्षाच्या दिवसांत तर फेरा फुकट जाण्याचीच शक्यता जास्त.

मागताना चार शब्द पाठ असू द्या, चेहरा लगेच खुलतो. "चा सिऊ फान, बुन फेई साउ", म्हणजे अर्धं चरबीचं, अर्धं बिनचरबीचं. हे म्हटलं नाही तर परदेशी बघून बिनचरबीचे तुकडे देण्याची पद्धत काही ठिकाणी दिसली, म्हणून हे सांगाच. "दो चाप" म्हणजे सॉस जास्त. बांधून हवं असेल तर "हांग काय". बिल हवं तर "माय दान". आणि प्रत्येक वाक्याला "म् गोय" जोडा, कृपया आणि धन्यवाद दोन्ही त्यात आलं. पाट्या चिनीतच असतात, तेव्हा पदार्थांची चिनी नावं फोनमध्ये चित्र म्हणून ठेवा आणि दाखवा. दोन प्रकार एका ताटात हवे असतील तर बोटाने दोन गोष्टी दाखवल्या तरी भागतं. आम्ही चा सिऊ आणि सिऊ युक असं मागवलं, जोडी छान जमते.

टेबल अनोळखी माणसांबरोबर वाटून घ्यावं लागतं. समोरचा मान हलवेल, तुम्हीही हलवा आणि जेवायला लागा. गप्पा मारत बसायची ही जागा नव्हे. ताट संपलं की उठायचं, बाहेर लोक उभे असतात. सोबत कुणी शाकाहारी असेल तर त्याला इथे आणू नका. उकडलेल्या हिरव्या भाजीवरही ऑयस्टर सॉस असतो आणि सुरा, ठोकळा सगळ्याला एकच. त्याच्यासाठी वेगळी सोय बघून मग या.

पोटात जागा ठेवून फिरायचं असेल तर दोघांत एक ताट घ्या आणि वर तळलेलं अंडं मागा, अर्धवट पिवळं वाहणारं. बरोबर बर्फाचा लिंबू-चहा. साखर कमी हवी असेल तर मागतानाच "सिऊ तिम" म्हणा, नंतर काही करता येत नाही.