जँगो शिकताना : ग्रंथालयाच्या देवघेवीचे ॲप, सहाव्या आठवड्याअखेरची नोंद

जँगो म्हणजे पायथन भाषेत वेबसाइट बनवण्याचा तयार सांगाडा. आजवर झालेले काम असे: पुस्तक, प्रत, सभासद आणि देवघेव ही चार मॉडेल (डेटाबेसमधल्या तक्त्यांची वर्णने), ॲडमिनमधून नोंदणी, पुस्तक देण्याचा आणि परत घेण्याचा फॉर्म, शोध, सीएसव्हीची (स्वल्पविरामांनी विभागलेल्या तक्त्याच्या फाइलची) आयात-निर्यात. डेटाबेस अजून एसक्यूलाइट, म्हणजे एकाच फाइलमध्ये मावणारा. पायथन ३.१२ आणि जँगो ५.२. ही जँगोची दीर्घ मुदतीची आवृत्ती आहे, तिला सुरक्षा-दुरुस्त्या एप्रिल २०२८ पर्यंत मिळणार आहेत आणि ती पायथन ३.१० पासून पुढे चालते.

(आज्ञा आणि फंक्शनांची नावे इथे देवनागरीत आहेत, संगणकावर ती रोमन लिपीतच टाकायची.)

आवृत्ती आधी पक्की करणे हे नवशिक्याचे पहिले काम. जालावर जुने धडे भरपूर आहेत. यूआरएल लिहिण्यासाठी ‘यूआरएल’ नावाचे फंक्शन वापरणारा धडा दिसला तर तो बाजूला ठेवा, कारण ते फंक्शन ४.० मध्ये काढून टाकले आणि आता इम्पोर्टच होत नाही, ‘पाथ’ वापरायचे. लॉगआउटची साधी लिंक दाखवणारा धडाही जुनाच. ५.० पासून लॉगआउट फक्त पोस्ट विनंतीने (फॉर्म पाठवून) होते, लिंकवर टिचकी मारली की ४०५ त्रुटी येते. तिथे सीएसआरएफ टोकन (फॉर्म आपल्याच साइटवरून आल्याची खूण) असलेला एका बटणाचा छोटा फॉर्म हवा.

फ्लास्क हा पायथनचाच दुसरा सांगाडा न घेता जँगो का? फ्लास्क सुटसुटीत आहे, पण डेटाबेसचा थर, लॉगिन आणि ॲडमिन हे सगळे त्यात स्वतः निवडून जोडावे लागते, आणि नवशिक्याला नेमकी ती निवडच करता येत नाही. जँगोचा जन्म २००३ साली अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स गावी, ‘लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड’ या वृत्तपत्राच्या कचेरीत झाला. एड्रियन होलोव्हाटी आणि सायमन विलिसन यांनी तो रचला आणि जुलै २००५ मध्ये सर्वांसाठी खुला झाला. बातम्या भरणारी माणसे प्रोग्रामर नव्हती, म्हणून भरण्याचे पडदे आपोआप तयार करणारा ॲडमिन त्यात आला. ग्रंथालयाची गरज अगदी तीच आहे: दाखल नोंदवही भरणाऱ्या ग्रंथपालाला कोड दिसताच कामा नये.

उभारणी

प्रकल्पाचा फोल्डर, त्यात ‘व्हेन्व’ (प्रकल्पापुरते वेगळे पायथन), तो चालू करून पिपने (पायथनची पॅकेजे बसवणाऱ्या आज्ञेने) जँगो, मग ‘स्टार्टप्रोजेक्ट कॉन्फिग’ आणि त्यापुढे एक मोकळी जागा सोडून टिंब. टिंब विसरलात तर एकात एक दोन फोल्डर होतात आणि मॅनेज डॉट पीवाय (प्रकल्पाच्या आज्ञा चालवणारी फाइल) सापडत नाही. प्रकल्पाला ‘जँगो’ किंवा ‘टेस्ट’ असे नाव देऊ नका; ती नावे पायथनमध्ये आधीच घेतलेली आहेत. विंडोजवर पॉवरशेलने ‘स्क्रिप्ट चालवण्यास मनाई’ असे सांगितले तर त्याच खिडकीत अडून बसू नका, जुन्या कमांड प्रॉम्प्टमधून ॲक्टिव्हेट करा.

‘स्टार्टॲप’ने केलेले ॲप सेटिंग्जमधल्या इन्स्टॉल्ड ॲप्सच्या यादीत घालायचे. घातले नाही तर मेकमायग्रेशन्स (मॉडेलमधले बदल टिपणारी आज्ञा) ‘काही बदल आढळला नाही’ एवढेच म्हणते, मॉडेल कितीही सुंदर लिहिलेले असो. घातले पण आधीच्या ओळीअखेरचा स्वल्पविराम राहिला तर पायथन लागोपाठच्या दोन स्ट्रिंग निमूटपणे एक करतो, आणि ‘स्टॅटिकफाइल्सग्रंथालय’ असल्या जोडनावाचे मॉड्यूल सापडत नसल्याची त्रुटी येते. त्रुटीत असे लांबलचक नाव दिसले की सरळ स्वल्पविराम शोधा.

मॉडेल

पुस्तक आणि प्रत वेगळी ठेवली. एकाच पुस्तकाच्या तीन प्रती असतील तर तीन दाखल क्रमांक असतात, आणि सभासदाकडे जाते ती प्रत. हे आधी न ठरवता पुस्तकावरच देवघेव टांगली तर नंतर सगळे उसवावे लागते. कागदावर चार चौकोन आणि बाण काढायला दहा मिनिटे लागतात. ती द्यावीतच.

देवघेवीतून प्रत आणि सभासद यांच्याकडे जाणाऱ्या फॉरेनकीला (दुसऱ्या तक्त्यातल्या नोंदीकडे बोट दाखवणाऱ्या क्षेत्राला) ‘कॅस्केड’ न लावता ‘प्रोटेक्ट’ लावले, म्हणजे जोडलेली देवघेव असेपर्यंत ती नोंद पुसताच येत नाही. बहुतेक धड्यांत कॅस्केड असते. तेच ठेवले तर सभासदाचे नाव काढताच त्याने नेलेल्या सगळ्या पुस्तकांची नोंद पुसली जाते. एक प्रत एका वेळी एकाकडेच असावी हा नियम फॉर्ममध्ये तपासणे पुरत नाही, कारण दोन टेबलांवरून एकाच क्षणी नोंद झाली तर दोन्ही तपासण्या पास होतात. म्हणून युनिककन्स्ट्रेंट, म्हणजे डेटाबेसनेच पाळायचे ‘एकच नोंद’ हे बंधन: क्षेत्र ‘प्रत’, अट ‘परत तारीख रिकामी’. अशी सशर्त बंधने एसक्यूलाइट आणि पोस्टग्रेस हे दोन्ही डेटाबेस पाळतात. मायएसक्यूएल पाळत नाही. जँगो तिथे फक्त इशारा देऊन पुढे जातो.

देण्याच्या तारखेचा डीफॉल्ट ‘टाइमझोन डॉट लोकलडेट’, पुढे कंस न लावता. कंस लावले तर फंक्शन सर्व्हर सुरू होतानाच एकदा चालते, आणि आठवडाभर चालू राहिलेल्या सर्व्हरवर प्रत्येक पुस्तक सोमवारीच दिलेले दिसते. ही चूक ओळखायची सोपी खूण म्हणजे मॉडेल न बदलताही दुसऱ्या दिवशी मेकमायग्रेशन्स नवी फाइल बनवते.

तारखेबद्दल आणखी एक. टाइमझोन ‘एशिया-कोलकाता’ ठेवला तरी डेटाबेसमध्ये वेळ यूटीसीतच (जागतिक प्रमाणवेळेतच) साठते, म्हणजे साडेपाच तास मागे. ‘टाइमझोन डॉट नाऊ’चा ‘डेट’ काढला तर मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत कालची तारीख मिळते. दिवसा कितीही चाचण्या घ्या, दोष सापडत नाही. रात्री साडेबाराला चालणारी विलंबशुल्काची आज्ञा मात्र रोज एक दिवस कमी मोजते. चाचणीत ‘मॉक’च्या (खोटे फंक्शन बसवणाऱ्या साधनाच्या) पॅचने ‘नाऊ’ला यूटीसी १९ वाजता थांबवले की आपल्याकडे रात्रीचे साडेबारा वाजलेले असतात, आणि त्या क्षणी लोकलडेट पुढची तारीख देते की नाही ते पाहता येते.

मराठी मजकूर

सगळ्यात जास्त वेळ इथे गेला, आणि तो जायलाच हवा होता. सरावाचा डेटा ‘बुक वन’, ‘बुक टू’ असा भरला तर पुढचा एकही दोष दिसत नाही. पहिल्या दिवसापासून डेटा मराठीत भरा, तोही जोडाक्षरे, ळ, ॲ आणि ऱ्या असलेला.

पहिली ठेच स्लगची, म्हणजे पानाच्या पत्त्यात घालायच्या नावाच्या सुटसुटीत रूपाची. पुस्तकाच्या नावावरून पत्ता बनवायला प्रत्येक धडा ‘स्लगिफाय’ वापरतो. ‘काळ आणि वेळ’ हे नाव त्याला दिले की उत्तर रिकामी स्ट्रिंग येते, कारण तो मूळ रूपात फक्त रोमन अक्षरे आणि इंग्रजी अंक ठेवतो. स्लगला ‘युनिक’ लावलेले असेल तर पहिले पुस्तक रिकाम्या स्लगने साठवले जाते आणि दुसऱ्याला इंटिग्रिटी एरर येते. त्रुटी दुसऱ्या पुस्तकावर दिसते, दोष पहिल्यातच असतो. मग ‘अलाव युनिकोड’ चालू करावेसे वाटते. तसे केले तर ‘कळ-आण-वळ’ मिळते. काना, मात्रा, वेलांटी आणि हलन्त सगळे गळते, कारण पायथनच्या नियमित पदावलीतले (मजकुरातला नमुना शोधण्याच्या भाषेतले) ‘शब्द-अक्षर’ हे चिन्ह अक्षरे आणि अंक धरते, स्वरचिन्हे धरत नाही. ‘वेळ’, ‘वाळ’ आणि ‘वळ’ तिघांचा स्लग एकच होतो. यूआरएलमधला ‘स्लग’ कन्व्हर्टर तर रोमन अक्षरे, अंक, आडवी रेघ आणि अंडरस्कोर यांपलीकडे काही घेतच नाही.

इथे खटपट करण्यात अर्थ नाही. पत्त्यात दाखल क्रमांक घातला. तो प्रत्येक प्रतीला असतोच, कधी बदलत नाही, आणि ग्रंथपालाला तोंडपाठ असतो.

दुसरी ठेच शोधाची. ‘ॲ’ दोन प्रकारे टंकता येतो: एक स्वतंत्र अक्षर, आणि दुसरा अ वर अर्धचंद्र. पडद्यावर दोन्ही सारखे, संगणकाला वेगळे. ‘दुसऱ्या’ मधला ‘ऱ्या’ही तसाच: कुणाच्या कळफलकावरून ऱ हे स्वतंत्र अक्षर येते, कुणाच्या कळफलकावरून साधा र, हलन्त आणि त्यामागे झेडडब्ल्यूजे हे न दिसणारे जोडक. युनिकोडचे एनएफसी सामान्यीकरण (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे एक करण्याची पद्धत) या दोन्ही जोड्या एक करत नाही. ते फक्त र अधिक नुक्ता याचा ऱ करते.

म्हणून पुस्तकात ‘शोधरूप’ हे वेगळे क्षेत्र घातले. ते भरणारे फंक्शन चार कामे याच क्रमाने करते: एनएफसी, अ अधिक अर्धचंद्राचा ॲ, र, हलन्त, झेडडब्ल्यूजे यांचा ऱ आणि हलन्त, शेवटी उरलेले न दिसणारे जोडक आणि तोडक काढणे. शेवटचे काम आधी केले तर तिसऱ्याला पकडायला काही उरत नाही. मूळ नाव मात्र जसे भरले तसेच ठेवायचे, कारण काही ठिकाणी ते जोडक अक्षराचे रूप ठरवतात. शोधपेटीतला शब्दही याच फंक्शनातून न्यायचा, मग ‘आयकंटेन्स’ने शोधायचे. नाहीतर अर्धेच काम होते.

हे फंक्शन मॉडेलच्या ‘सेव्ह’मध्ये बसवले. पण ‘बल्क क्रिएट’ आणि क्वेरीसेटचे ‘अपडेट’ (अनेक नोंदी एकदम भरणारे आणि बदलणारे) सेव्हला हात लावत नाहीत. सीएसव्हीतून एकदम आणलेल्या पुस्तकांचे शोधरूप रिकामे राहते आणि यादीत दिसणारे पुस्तक शोधात सापडत नाही. आयातीच्या कोडमध्ये तेच फंक्शन स्वतः बोलवावे.

लांबीची गोष्ट छोटी, पण लक्षात ठेवण्याजोगी. ‘महाराष्ट्र’ आपल्या डोळ्यांना चार अक्षरे, पायथनला दहा कोडपॉइंट (युनिकोडने क्रमांक दिलेले घटक), यूटीएफ-८ मध्ये तीस बाइट. मॅक्सलेंग्थ कोडपॉइंट मोजते, तेव्हा शीर्षकाला ५० अपुरे पडते, २५५ ठेवले. यादीत नाव आखडायला ‘ट्रंकेटचार्स’ नको, तो ‘हा’चा ‘ह’ करून काना पलीकडे टाकू शकतो. ‘ट्रंकेटवर्ड्स’ शब्दावर थांबतो.

अंकांत उलटा धोका आहे. पायथनला ‘१२३’ हा पूर्णांक म्हणून चालतो, आणि नियमित पदावलीतले ‘अंक’ हे चिन्हही देवनागरी अंक स्वीकारते. त्यामुळे मोबाइल क्रमांकाच्या दहा अंकी तपासणीतून देवनागरी क्रमांक बिनबोभाट जातो, मजकूर म्हणून साठतो आणि इंग्रजी अंकांनी शोधल्यावर मिळत नाही. तपासणीत शून्य ते नऊ हे इंग्रजी अंक स्पष्ट लिहा, किंवा साठवण्याआधी बदलून घ्या. बदलून घेणे वापरणाऱ्यासाठी अधिक बरे.

सीएसव्ही

पायथनने लिहिलेली साधी यूटीएफ-८ फाइल एक्सेलमध्ये थेट उघडली तर मराठीच्या जागी चित्रविचित्र चिन्हे दिसतात. प्रतिसादात आधी बीओएम (फाइल यूटीएफ-८ असल्याची सुरुवातीची खूण) लिहायचा, मग ओळी. उलट दिशेने, एक्सेलमधून आलेली फाइल उघडताना एन्कोडिंग ‘यूटीएफ-८-सिग’ द्या. नुसते यूटीएफ-८ दिले तर पहिल्या स्तंभाच्या नावाला तो न दिसणारा बीओएम चिकटतो आणि ‘दाखल क्रमांक’ डोळ्यांसमोर असताना कीएरर येते. एन्कोडिंग दिलेच नाही तर पायथन ३.१२ विंडोजवर यूटीएफ-८ धरत नाही.

यादीचा वेग

चालू देवघेवींची यादी ५० ओळींची. टेम्प्लेटमध्ये प्रत्येक ओळीला प्रतीचा क्रमांक आणि सभासदाचे नाव मागितले की एक अधिक शंभर, अशा १०१ क्वेरी (डेटाबेसला विचारणा) जातात. पुस्तकाचे नावही प्रतीमार्फत मागितले की आणखी ५०. ‘सिलेक्ट रिलेटेड’ला प्रत, प्रत-दोन अंडरस्कोर-पुस्तक आणि सभासद दिले की एकच क्वेरी उरते. डीबग टूलबार (पानामागच्या क्वेरी दाखवणारी पट्टी) पहिल्याच आठवड्यात बसवा. हा आकडा समोर दिसल्याशिवाय ओआरएम (जँगोचा डेटाबेसशी बोलणारा थर) काय करतो ते उमगत नाही. चाचणीत ‘असर्टनमक्वेरीज’ (क्वेरींची संख्या तपासणारे) लावून ठेवले की पुढे कुणी टेम्प्लेटमध्ये नवे नाव घातले तरी लगेच कळते.

उरलेले काम

अकारविल्हे अजून चुकीचे आहे. एसक्यूलाइट कोडपॉइंटच्या क्रमाने लावते, आणि युनिकोडमध्ये ळ हा ल आणि व यांच्या मध्ये आहे. त्यामुळे ‘काळ’ हा ‘काव्य’ आणि ‘कासव’ यांच्या आधी येतो, शब्दकोशात तो नंतर हवा. ॲ तर ह च्याही पलीकडे आहे. ‘ॲटम’ पार यादीच्या तळाशी जातो. तात्पुरते ‘क्रमरूप’ क्षेत्र केले आहे: ॲ ऐवजी अ अधिक अर्धचंद्र, आणि ळ ऐवजी ह अधिक सर्वांत वरच्या कोडपॉइंटांपैकी एक. एवढ्यानेही यादी बरीच सुधारते, पण क्ष आणि ज्ञ राहतात. खरा उपाय पोस्टग्रेसमधले आयसीयू या युनिकोड-लायब्ररीचे मराठी कोलेशन (क्रम लावण्याचा नियम), ‘एमआर-एक्स-आयसीयू’. जँगोत ते ‘डीबी कोलेशन’ म्हणून क्षेत्रालाच लावता येते. एसक्यूलाइटवर हेच नाव दिले तर असे कोलेशन नसल्याची त्रुटी येते, म्हणून डेटाबेस बदलणे आधी.

त्यासाठी ‘डंपडेटा’ने सगळे जेसनमध्ये काढायचे, कंटेंटटाइप्स (जँगोने ठेवलेली मॉडेलांची यादी) आणि परवानग्या वगळून, कारण त्या मायग्रेट स्वतः तयार करते आणि लोडडेटाच्या (जेसन नव्या डेटाबेसमध्ये भरण्याच्या) वेळी आदळतात. विंडोजवर ही आज्ञा पायथनला ‘एक्स यूटीएफ-८’ हा पर्याय देऊनच चालवायची आणि फाइल ‘आउटपुट’ पर्यायाने लिहायची. पॉवरशेलच्या जुन्या आवृत्तीत बाणाने फाइलमध्ये वळवले तर ती यूटीएफ-१६ होते आणि लोडडेटा पहिल्याच बाइटवर थांबते. आधी एसक्यूलाइटच्या फाइलची प्रत काढून ठेवायची, मग दोन्हीकडे चारही मॉडेलांच्या नोंदी मोजून आकडे जुळवायचे.