माचू पिक्चूच्या ताली, आठवडा सहावा: पहिली भिंत बसली

बसली म्हणजे जागेवर नव्हे, खाली!

पेरूतल्या माचू पिक्चू या इंकांच्या डोंगरी शहराच्या उतारावरल्या पायऱ्या-पायऱ्यांच्या शेतातल्या तीन पायऱ्यांचं मॉडेल १:२० मापात करायला घेतलंय. ताल म्हणजे अशा पायरीची माती धरून ठेवणारी दगडी भिंत. नदीतले गोटे फोडून, गोंद-सिमेंट न लावता दहा सेंटिमीटर उंचीची ताल रचली, मागे कुंड्यांतली काळी माती ठासली आणि रविवारी झारीने पाणी सोडलं. थोड्याच वेळात भिंतीने पोट काढलं आणि मधले तीन दगड ट्रेमध्ये. मी रचणीला शिव्या घालत बसलो, घोळ मात्र भरावात होता.

माचू पिक्चूला वर्षाला सुमारे २,००० मिलिमीटर पाऊस पडतो. पंधराव्या शतकात इंकांनी तालीमागे तळाला दगड-खडी, त्यावर बारीक खडी आणि वाळू, सगळ्यात वर पिकाची माती असे थर घातले. पाणी खाली निचरून जातं, भिंतीला रेटा बसत नाही. शिवाय भिंत किंचित डोंगराकडे कललेली.

म्हणून या वेळी चार सेंटिमीटर खडी, तीन भरड वाळू, तीन लाल माती. वाळू स्वयंपाकघरातल्या चाळणीने चाळली (त्यावरून घरात जे ऐकावं लागलं ते इथे नको). दोन झाऱ्या ओतल्या. आधी गढूळ, मग नितळ पाणी खालच्या सांध्यांतून ठिबकत राहिलं. एक दगड हलला नाही. काळी माती भिजली की फुगते, त्यामुळे माती बदलल्याचाही यात वाटा असणार. तीच माती थरांवर घालून पुन्हा बघणार आहे.

मध्येच कुस्को या इंकांच्या राजधानीतल्या भिंतीत चपखल बसवलेल्या बारा कोनी दगडासारखा दगड घडवायची हौस आली. पाच कोनांवर भागवलं. एका दगडाला गेरू फासायचा, दुसऱ्यावर दाबायचा, लाल डाग उमटेल तिथे गोट्याने ठोकायचं. एका सांध्याला चार तास! इंकांकडे लोखंड नव्हतं. इंकांच्या बांधकामाचे अभ्यासक झां-पिएर प्रोत्सेन यांनी कुस्कोजवळच्या रुमिकोल्काच्या खाणीत नुसत्या दगडी हातोड्यांनी अँडेसाइट हा कठीण ज्वालामुखी खडक घडवून दाखवला, त्यामुळे तक्रारीला जागा नाही. पण इतकी नाजूक घडण मंदिरं-वाड्यांची, शेताच्या तालीची नव्हे. तो दगड दरवाजाच्या मॉडेलसाठी बाजूला ठेवलाय.

आता पुढचं काम म्हणजे चढ-उतारासाठी भिंतीतून बाहेर आलेल्या दगडी पायऱ्या, कुस्कोजवळ मोरायला इंकांच्या गोलाकार तालींत आहेत तशा. त्यासाठी लांबट दगड भिंतीत खोलवर रोवावे लागतात. दोन बसवताना मोडले.